पदरातला तंबाखू

तंबाखू सोडणं सोपं असतं म्हणणाऱ्या साहेबांना एकदा आमच्या गोंड टोल्यावर, या वस्तीवर, राहायला आणलं पाहिजे. इथे घरात पाय ठेवला की आधी हातावर तंबाखू येतो, मग बोलणं. मी या टोल्याची आशा कार्यकर्ती. कुणाची गरोदर सून, कुणाचं तापलेलं लेकरू, सगळं काम त्या चिमटीनंतरच. नाही म्हटलं की आपण परके.

प्रशिक्षणात साहेबांनी सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले. मी इतकी घाबरले की बाहेर येऊन दुप्पट तंबाखू मळला. वडनेरच्या रक्षाताई नर्स आमच्यातल्याच, त्यांनीही एके काळी खाल्लेला. त्यांनी फोटोबिटो काही दाखवले नाहीत. म्हणाल्या, "नाई म्हनू नको, मंजुषा. हातावर घे अन् घरी नेऊन पुरख्यायले, आपल्या वाडवडलायले, वाह्य. त्यायले देल्लेलं कोनी खात नाई."

तसं कसंबसं निभत होतं. मग आनंदाबाईच्या घरी गेले. तिची सून आकांक्षा, आठवा महिना. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. बीपी पाहिला तर खूपच वाढलेला. तिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. आनंदाबाईने मात्र सावकाश चुना लावून तंबाखू मळला आणि चिमूट पुढे केली. वासानेच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खाल्ला असता तर तिने निमूट ऐकलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी हात पसरला, तंबाखू घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. म्हटलं, हा पुरख्यांचा.

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. "काऊन? माया हातचा तुले चालत नाई?"

"चालते म्हनून त त्यायले देऊन राह्यली, मावशी. आता सुनेले नेऊ दे."

तेवढ्यात आत आकांक्षा भडभडून ओकली. आनंदाबाई उठली आणि गाडी बोलाव म्हणाली.

सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात आकांक्षाला ऑपरेशनला आत नेलं आणि दारापुढे आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसलो. माझा हात सारखा गाठीकडे जायचा. तलफ अशी की रडू यावं. आनंदाबाईची चंची घाईत घरीच राहिली होती, तिचेही ओठ सुकले होते. शेवटी तिने हळूच मागितलं, "चिमूटभर दे व."

"पुरख्यायचा हाय, मावशी."

मला तिची दया आली, माझीही आली. तिने माझा पदर ओढून गाठ हातात घेतली. वाटलं, आता उकलते. तिने त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि मूठ आवळून बसली.

नर्स बाहेर येऊन मायलेक दोघं बरी आहेत म्हणाली, तेव्हाही तिने ती मूठ उघडली नव्हती.