मूर्ती वर घ्या

पहिला सांधा मी लाजेपायी घालवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा हट्ट ऐकून कुणी नाक मुरडायला नको.

शहाण्णव साली बैलगाडीवरून पडले आणि खुबा मोडला. नांदेडला डॉक्टरांनी नवा सांधा बसवला आणि बजावलं, "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली बसायचंच नाही." आता आमच्या शिरड शहापूरच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि कितीतरी वर्षं वाचणारी मीच. वाचणाऱ्याने चौरंगासमोर मांडी घालून बसायचं, ही रीत. मी खुर्ची मागितली नाही. लोक म्हणतील, गोजरबाईला मस्ती आली. बसले खाली. दोनदा सांधा निखळला, मग ढिलाच पडला, आणि पुढची चार वर्षं कुबडी घेऊन रखडत काढली.

दोन हजार एकला औरंगाबादला तो सांधा काढून दुसरा बसवला. आतलं हाड झिजलं होतं, म्हणून लांब दांड्याचा. तिथले डॉक्टर स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "बाई, चौकट खिळखिळी झाली की दुसरी बिजागरी पहिलीसारखी धरत नाही. सांभाळलं तर दहा वर्षं. पुन्हा बिघडला, तर तिसरा बसवायला हाड उरणार नाही." मी घरी आले ती एक पाय अर्धा इंच आखूड घेऊन. लाज मात्र तिथेच ठेवून आले.

पुढच्या आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना, माझ्या पोराला, रविंद्रला, खुर्ची घेऊन विहारात पुढे पाठवलं. माझे दीर हरिचंद विहार समितीचे अध्यक्ष. गवंडी माणूस, मूर्तीचा हातभर उंच चौथरा त्यांनीच बांधलेला. त्यांनी खुर्ची दारातच अडवली.

"वैनी, खुर्चीवर बसलं की तुमचं डोकं बुद्धाच्या वर जातंय. बराबर न्हाई ते. औंदा साधना वाचंल. तुमी मागं भितीपाशी बसून ऐका."

साधना त्यांची नवी सून. पोरगी गुणाची, पण माझं काय? शेत नवऱ्याचं, घर सासऱ्याचं. संध्याकाळचा तो एक तास तेवढा माझा होता. निर्मलाबाईसारख्या अक्षर न ओळखणाऱ्या बायका माझ्या तोंडून ऐकत आल्या होत्या. ती जागा गेली असती तर मी कशासाठी बरी झाले होते? मला रडू आलं नाही, राग आला.

"मंग मूर्ती वर घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"मला काहून खाली वढून राहिले? बुद्धाला वर बसवा. चौथरा वाढवा. गवंडी न्हाई का तुमी?"

"तुमच्या एका खुब्यापायी बांधलेला चौथरा उकरू?"

"उकरू नका, वर चढवा. तवर मी उभ्यानं वाचते."

आणि वाचलं. खांबाला पाठ लावून, पूर्ण तासभर. आता उभ्या माणसाचं डोकं खुर्चीवरच्या माणसापेक्षा वरच असतं, पण उभं राहणं म्हणजे आदर आणि खुर्ची म्हणजे अपमान, असं भाऊजींचं शास्त्र होतं. घरी गेले तेव्हा पाय सुजून टम्म झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले, तशी निर्मलाबाई पदर खोचून उठली.

"वाचणारी हुबी, आन आमी काहून बसावं?"

एकेक करत सगळ्या बायका उठल्या. बायका उभ्या म्हटल्यावर गडीमाणसं कशी बसणार? आणि सगळे उभे म्हटल्यावर अध्यक्षांना बसून कसं चालेल? जन्मभर उकिडवं बसून विटा रचलेले गुडघे त्यांचे. चौथ्या संध्याकाळी खिडकीचा गज धरून उभे होते. पाचव्या दिवशी सकाळी विहारासमोर विटा आणि सिमेंट येऊन पडलं. त्या आठवड्यात मूर्ती वर गेली आणि मी खुर्चीवर बसले.

याला आता सात वर्षं झाली. लंगडते मी. थंडीत मांडी ठणकते, पायाची नखं माझी सून कापते, आणि चपलेला एका बाजूला जाड तळ लावून घ्यावा लागतो. दरवर्षी औरंगाबादला जाते. डॉक्टर हाडाचा फोटो उजेडापुढे धरून म्हणतात, "बाई, अजून घट्ट आहे." मी म्हणते, "मी पण." दहा वर्षांचं त्यांनी सांगितलंय, माझं अजून ठरलेलं नाही.

यंदा पहिल्या संध्याकाळी भाऊजी उशिरा आले, काठी टेकत. वाचन चालू होतं. भिंतीला हात लावून खाली बसायला गेले, अर्ध्यात अडकले, पुन्हा उभे राहिले. पुन्हा वाकले. गुडघे ऐकेनात. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्या तोंडावरची लाज मी लगेच ओळखली. तिच्यापायी माझा एक सांधा गेला होता.

मी वाचन थांबवलं. "रविंद्र, काकाला खुर्ची दे."

"नको वैनी," ते पुटपुटले. "आदब..."

"बसा भाऊजी. मूर्ती तुमच्या वरच हाय. तुमीच वर घेतली."