दोन पिशव्या

दाढी करताना ब्लेड लागून तास झाला, तरी कोंडीरामांचं रक्त थांबेना. मथुराबाईनं हळद दाबली, फडकी बदलली. शेवटी तिनं नवऱ्याला मुरुम गावच्या डॉक्टरांकडं नेलं.

"खोकल्याला अँटिबायोटिक दिलं मी. दुसरी कुठली गोळी चालू होती?"

मथुराबाई चुळबुळली. एकाची औषधं दाखवली की दुसऱ्या डॉक्टरला राग येतो, म्हणून तिनं दोन पिशव्या केल्या होत्या. आता पदराखालची पिशवी तिनं टेबलावर ठेवली. "सोलापूरच्या डॉक्टरची हाय. रक्त पातळ करायची."

"परवा विचारलं तर नाही म्हणालात! दोन्हींनी मिळून रक्त गोठेनासं झालंय."

पिशव्या तिनं कधी एकमेकींना दिसू दिल्या नव्हत्या. गोळ्या मात्र रोज एकाच घोटाबरोबर दिल्या होत्या.