टीव्हीवरचा सुजय

टीव्हीवर सुजय हसत होता आणि इकडे भाट्यात सावित्रीबाई घरोघर पेढे वाटत सुटल्या होत्या. त्याचं जहाज अडकलं होतं त्या परदेशी बंदरावर बॉम्ब पडल्यापासून लेकाचा फोन नव्हता. आज त्या देशाच्या सरकारी वाहिनीनेच त्याला दाखवला. एक चिमुरडी खलाशांना गुलाब देतेय, मागे व्हायोलिन रडतंय, खाली इंग्रजी पट्टी, 'काल आमच्या जवानांनी वाचवलेले पाहुणे'.

सून राजश्रीने मात्र पेढा तसाच बाजूला ठेवला. मोबाइलवर तिने तेच पुन्हा पुन्हा पाहिलं. हसू नवऱ्याचंच, शंका नाही. पण त्याने भांग पाडला होता. झुपकेदार मिशीही होती.

सासरे काशीराम जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. एकुलता एक लेक जहाजावर अडकलेला, म्हणून सुजयने डेकवरच मुंडण केलं, मिशी उतरवली आणि दहाव्याला व्हिडिओ कॉलवर तसाच बसला.

"आई, एवढ्यात भांग पडतो?"

"केस वाडतात गो," सावित्रीबाई म्हणाल्या, पण नजर देईनात. "अभद्र बोलू नको. खुशाल हाय तो."

राजश्रीने हिशेब मांडला. जहाज कित्येक महिने त्याच बंदरात पडून होतं. कधीतरी कुठल्याशा समारंभात गुलाब वाटले असतील, तेच आज वाचवल्याचं म्हणून खपवलं. मेल्यांनो, मग माणूस कुठाय?

दुपारी गावातला शुभंकर कॅमेरा घेऊन आला. एरवी लग्नांचं शूटिंग करायचा, आज त्याच परदेशी वाहिनीने त्याला घरच्यांची मुलाखत घ्यायचं काम दिलं होतं.

"वहिनी, मनात असेल ते बोला. मी सगळं पाठवतो."

सासूला शेजारी बसवून राजश्री जीव तोडून बोलली. मुंडणाचं, मिशीचं, सगळं. "हे जुनं आहे. माझा नवरा आजचा दाखवा!" म्हणताना तिचा बांध फुटला.

संध्याकाळी ती टीव्हीवर आली. नुसती रडताना. आवाज काढून टाकलेला, वर तेच व्हायोलिन. शेजारच्या निशिगंधाने पट्टी वाचली, 'पती सुखरूप, पत्नीचे आनंदाश्रू'.

"वहिनी, मला पण भरून आलं हो!" निशिगंधा डोळे पुसत म्हणाली.

 सुनेचा शब्दन् शब्द सावित्रीबाईंनी दुपारी आपल्या कानांनी ऐकला होता. त्या टीव्हीकडे बघत राहिल्या, मग राजश्रीचा हात त्यांनी घट्ट धरला.

"मग माजा सुजय कुठं हाय गो?"