परत पाठवलेलं पाणी

टँकरच्या मागच्या तोटीखाली तिनं काचेची बाटली धरली आणि ड्रायव्हरला मानेनं खूण केली. त्यानं तोटीचं चाक अर्धा फेरा फिरवलं. तपकिरी, फेसाळ पाणी बाटलीत उतरलं, आणि जळक्या रबरासारखा वास अंगावर आला. तिनं झाकण घट्ट केलं, चिठ्ठीवर तारीख, वेळ लिहिली आणि मगच तोंड फिरवून ती खोकली.

“आमच्याकडे हा वास आता कुणाला येतच नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “नाकं मेली सगळ्यांची.”

चार तासांवरच्या त्याच्या गावात रसायनांचं गोदाम जळालं होतं. आग विझवताना मारलेलं पाणी गावाबाहेरच्या एका खड्ड्यात साठलं होतं, आणि त्याचं करायचं काय, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. इथल्या सांडपाणी केंद्रात असलं पाणी शुद्ध करायची यंत्रं होती. चाचणीसाठी आधी दोन टँकर आले होते. तपासणीची जबाबदारी तिची. केंद्रात आणि गावात सगळे तिला धाकटी म्हणत, कारण गावाला आधी तिची ताई माहीत होती.

ताईची नदीकाठी लाँड्री होती. अकरा वर्षांपूर्वी नदीत वरच्या अंगानं कसलंसं पाणी सोडलं गेलं, तेव्हा नगरपालिकेच्या फळ्यावर ‘पाणी सुरक्षित आहे’ असा सहीशिक्क्याचा कागद लागला होता. त्या कागदाच्या भरवशावर दाजी रोज गुडघाभर पाण्यात उतरून पंपाची जाळी साफ करत राहिले. आधी गुडघ्याखाली पुरळ उठलं, मग कातडी सोलली, मग मूत्रपिंडं गेली. दोन वर्षांत दाजीही गेले. कागद त्यानंतरही बरेच दिवस फळ्यावर होता. पुढच्या वर्षी ताईनं धाकटीला रसायनशास्त्राला घातलं. “आपलं माणूस आत हवं,” एवढंच ती म्हणाली होती.

टँकर आल्याच्या संध्याकाळी धाकटी लाँड्रीत गेली, तेव्हा ताई इस्त्री करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तूच घेतलंस ते पाणी?”

“नमुना घेतला. एक टँकर शुद्ध करून बंद टाकीत ठेवायचा. तपासल्याशिवाय एक थेंबही नदीत जाणार नाही.”

“तेव्हाही असंच म्हणाले होते.”

“तेव्हा मी नव्हते, ताई.”

ताईनं शर्टाची कॉलर उलटून तिच्यावर इस्त्री दाबली. दाबून धरली, जरा जास्तच वेळ.

“तुझ्यावर विश्वास नाही असं कुठं म्हणतेय मी? पण माझं तोंड दुधानं पोळलंय बाई. मी ताक फुंकूनच पिणार.”

दोन दिवसांनी शाळेच्या सभागृहात बैठक झाली. आत जाताना केंद्रप्रमुख धाकटीच्या कानाशी लागले. “सगळं ठीक आहे, एवढंच सांगा. फार खोलात शिरू नका.”

तिनं यंत्रं कशी चालतात ते सांगितलं, आकडे सांगितले. लोक ऐकत होते, पण हाताची घडी कुणी सोडली नाही. मागून बेकरीवाला ओरडला, “एवढं चांगलं होतंय पाणी, तर त्यांनाच यंत्रं द्या की! दुसऱ्यांची उष्टी आम्हीच का काढायची?”

लोक हसले. पहिल्या रांगेतली ताई उठली, तसं सभागृह शांत झालं.

“मला एकच विचारायचंय. त्या पाण्यात जे जे आहे, ते सगळं तुम्हाला इथं मोजता येतं?”

‘तुम्हाला’ हा शब्द धाकटीला लागला. तिनं केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. ते टेबलावरचा ग्लास सरळ करत होते.

“नाही,” ती म्हणाली. “एक रसायन इथं मोजता येत नाही. त्यासाठी शुद्ध झालेल्या पाण्याचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय. निकाल यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर पाणी टाकीतच राहील.”

तिचं शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. बाकं वाजू लागली. तासाभरात ठराव झाला: दोन्ही टँकर परत. लोकांनी ताईसाठी टाळ्या वाजवल्या. ताई खाली बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“खोटं बोला असं मी म्हटलं नव्हतं,” बाहेर पडताना केंद्रप्रमुख म्हणाले. “जरा कमी बोलला असतात, तरी चाललं असतं.”

परतीच्या परवान्यात आठवडा गेला. टँकर निघायच्या दिवशी सकाळीच प्रयोगशाळेचं पाकीट आलं. शुद्ध झालेल्या पाण्यात ते रसायन मर्यादेच्या कितीतरी खाली होतं, जवळजवळ नव्हतंच. केंद्रप्रमुखांनी कागद वाचून तिच्याकडे दिला.

“आता याचं काय लोणचं घालायचं?”

तिनं कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. अंगणात शुद्ध झालेलं पाणी पुन्हा टँकरमध्ये भरणं चाललं होतं. पाइपच्या तोंडाशी ते नितळ दिसत होतं.

“हे स्वच्छ झालेलंही परत न्यायचं?” ड्रायव्हरनं विचारलं.

“ठरावात दोन्ही टँकर म्हटलंय.”

त्यानं मान डोलावली. मग केबिनमधून दोन रिकामे कॅन काढून तो फाटकाजवळच्या नळाशी गेला. टँकर जाताना बघायला लोक जमले होते. ताईही होती.

“रस्त्यात प्यायला एवढं लागतं?” तिनं विचारलं.

“घरी नेतोय. आमचे नळ महिनाभर बंद आहेत, आणि विहिरी खड्ड्याच्या खालच्या अंगाला.” त्यानं नळ सोडला. “पोरीच्या पायांवर पुरळ आलंय. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. बदलतोय.”

“गुडघ्याखाली?”

ड्रायव्हरनं वळून पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?”

कॅन भरून वाहू लागला, तरी नळ बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग ताई चार पावलं चालून धाकटीजवळ आली. बैठकीनंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

“त्या नमुन्याचं काही आलं का गं?”

ताईचा चेहरा एका आठवड्यात लहान झाल्यासारखा दिसत होता. धाकटीचा हात खिशात होता. बोटांना कागदाची घडी लागत होती. नोकरीच्या इतक्या वर्षांत तिनं एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही आलं.”

ताईनं क्षणभर तिच्या डोळ्यांत पाहिलं, श्वास सोडला आणि खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतला.

“बरं,” ती म्हणाली. “तू म्हणतेस, म्हणजे नसेलच आलं.”

आणि ड्रायव्हरला कॅन उचलू लागायला ती नळाकडे गेली.