एक जूनची माणसं

एक जानेवारी, सकाळचे सात. अण्णांचा फोन. वाळूजच्या कारखान्यात माझे वडील पस्तीस वर्षं लेथवर आहेत. म्हणाले, दीपे, गेट उघडंना, हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं की 'सेवानिवृत्त' येतंय. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्या हजेरीची सगळी माहिती नव्या डेटाबेसवर मीच हलवलेली. आणि नोकरी संपली की दवाखान्याचं कार्ड बंद. सोमवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याच कार्डावर.

लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात चूक सापडली आणि मी कपाळ बडवून घेतलं. जुना डेटाबेस वय काढताना वाढदिवस होऊन गेलाय का ते बघायचा. हा नवा शहाणा नुसती सालं वजा करतो. दोन हजार सव्वीसातून एकोणीसशे अडुसष्ट गेले, अठ्ठावन्न, निवृत्तीचं वय झालं, चला घरी! अण्णांचा वाढदिवस एक जूनला, अजून पाच महिने लांब.

तपासलं नव्हतं व्हय? तपासलं की. जुलैमध्ये, निवृत्तीला आलेल्या अकरा जणांच्या यादीवर. अकराही जण एक जूनचे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावोगाव तीच एक तारीख लिहिलेली. जुलैमध्ये सगळ्यांचे वाढदिवस होऊन गेलेले, म्हणून दोन्हीकडं वय सारखंच आलं. मी बाई लई खूश झाले होते.

वय काढणारी ती ओळ बदलली, स्कूटी काढली आणि तडक गेट गाठलं. यादीतले तेच अकरा जण, अण्णांसकट, भिंतीला टेकून उभे होते. कुणी वॉचमनला एक शब्द बोललेलं नव्हतं. मला रागच आला. पातळ वरणावरून कँटीनवाल्याशी भांडणारा माझा बाप, आज तोंडात मिठाची गुळणी धरून उभा! पाच महिने बाकी आहेत हे सांगायला काय झालं होतं, म्हणून मी अण्णांवर उखडले.

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

"कसं सांगू? माय म्हणायची, तू संक्रांतीचा, अन् कागदापेक्षा दोन सालं थोरला. मला वाटलं, मशीनला खरं कळलं."

मी हबकून बाकीच्या दहा जणांकडं बघितलं. दहाही जण खाली बघत होते.

वॉचमन म्हणाला, लावा बोट. अण्णा जागचे हलले नाहीत.

"आता तर नाय ना कळणार त्याला?"

"नाय कळणार, अण्णा," मी म्हणाले. त्यांचा हात गार पडला होता. तो धरून मीच त्यांचं बोट मशीनवर ठेवलं, आणि गेट उघडलं.