अंड्यावरची कोंबडी

"पंख सोडू नका, मावशी. एकच टोचणी."

पारूमावशीनं कोंबडी काखेत आवळली. तपासणीला आलेल्या शेषेराव डॉक्टरनं पंखाखालची शीर टोचली, रक्ताचा थेंब पांढऱ्या थाळीवरच्या जांभळ्या औषधात ढवळला. थेंब फाटला. नासलेल्या दुधासारखा, दाणे दाणे.

"लागण आहे."

"उसाची का? प्यायला पाणी न्हाई आन्‌ लागण!" मागून कुणीतरी हसलं.

"साल्मोनेलाची. हा जंतू अंड्यातून पिलात उतरतो. मागं पांढरं हगून पिलं मेली ना, ती ह्याच्यानंच."

"अहो, पण रोज अंडं देती ती!"

"म्हणूनच."

मावशीनं पंचशीलेकडं पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं. लातूर नवा जिल्हा झाला तसे तिथल्या हापिसाचे उंबरे झिजवून कोंबड्यांची ही योजना, ही सामाईक शेड, पंचशीलेनंच आणली होती. दुष्काळात रानात काम नव्हतं. गल्लीतल्या चुली अंड्यांवर पेटत होत्या.

"द्या, मावशी. डॉक्टर चुना टाकून पुरणार हायेत. ठेवल्या तर बाकीच्याबी जातील. माझी जबान हाय."

तिनं आधी स्वतःच्या लागण झालेल्या दिल्या. मग बाकीच्यांनी.

डॉक्टरनं एकेकीच्या शेपटीला जांभळा रंग फासला. जीप कोंबड्या घेऊन गेली.

धूळ.

चाकूरचा बाजार.

"अंड्यावरची कोंबडी! आत्ता घातलंय, हात लावून बघा, गरम हाय!"

विकणाऱ्याच्या तळहातावर अंडं. खुराड्यात शेपट्या कातरलेल्या कोंबड्या. एकीच्या बुडाशी कातरीतून सुटलेलं जांभळं पीस.

पंचशीला थांबली.

"कुठून आणल्या?"

"शेषेराव डॉक्टरकडून. तपासलेल्या हायेत, बाई."

तपासलेल्या. ते तर खरंच होतं.

"घेऊ नका हो कुणी! आजारी हायेत ह्या! पुरायला नेल्या होत्या!"

"ए बाई, धंद्याच्या टायमाला बोंबलू नको! आजारी कोंबडी अंडं देती व्हय?"

लोक हसले. त्यांच्यात पारूमावशी होती. ती हसली नाही.

"मावशी, मला खरंच ठावं न्हव—"

"तुझा वाटा किती गं?"

"मावशी!"

"माझी कोंबडी मला वळखू येत न्हाई व्हय?" मावशीनं कनवटीची गाठ सोडली. "माझीच मी इकत घेते. तुझी जबान ठेव तुझ्यापाशी."

"नका नेऊ. शेडातल्या चांगल्या हायेत, त्यांनाबी—"

मावशी चालू लागली होती.

गावाची वाट एकच. पुढं मावशी, पदराखाली कोंबडी. मागं पंचशीला, हाक पोचेल एवढ्या अंतरावर.

शेडाशी बायका जमल्या होत्या. मावशी त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मग कुणीच पंचशीलेकडं पाहिलं नाही. तिला वाटही दिली नाही.

मावशीनं कडी काढली, कोंबडी आत सोडली.

आतल्या कोंबड्या क्षणभर बिचकल्या. मग सरकून त्यांनी तिला दाण्यापाशी जागा करून दिली.