अर्ध्यावर तुटलेले धवळे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट डोळे पुसत सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. ती माझ्याकडून पुरी होणार नाही.

१९९४ च्या दसऱ्याला मी कळंबोलीत आलो. पोलाद बाजारासमोरच्या रांगेत शहाजीरावांचे छपाईचे दुकान होते. दारावरून दिवसभर ट्रक जात. लोखंडाची तांबूस धूळ माझ्या पंख्यातून आत येई आणि माझ्या हाडांवर बसे. तरीही ती वर्षे अभिमानाची होती. लग्नपत्रिका, बिलबुके, मंडळांच्या पावत्या, सगळे माझ्याच पडद्यावर आकाराला येई. गिऱ्हाइके काचेपलीकडून माझ्याकडे देवघरात पाहावे तशी पाहत.

पूजाही होई. शहाजीराव साताऱ्याकडचे. त्यांच्या भावाचे ट्रक होते आणि दसऱ्याला ट्रकचे तोंड उघडून इंजिनाला कुंकू लावण्याची त्यांच्या घरची रीत होती. त्याच रीतीने दर दसऱ्याला ते माझे झाकण काढत आणि माझ्या डिस्कवर, म्हणजे जिथे माझी सारी स्मृती साठवलेली असते त्या चपट्या पेटीवर, ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढत. त्या श्रद्धेवर माझा राग नाही. तिच्याखाली काय झाकले जात होते ते कोणी पाहिले नाही, यावर आहे.

माझ्यावर काम करी सुनयना. मराठी घेऊन पदवीधर झालेली ही मुलगी दिवसभर इतरांच्या लग्नपत्रिकांची अक्षरे जुळवी आणि जेवणाच्या सुट्टीत धवळे लिहून घेई. आगरी लग्नात प्रत्येक विधीला गायली जाणारी गाणी म्हणजे धवळे; ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. जवळच्या करंजाडे गावची जाईबाई तशी धवलारीण होती. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून ती खालच्या आवाजात गाई.

"सुनैने, यो पेटारा आयकतो का गो?" तिने एकदा विचारले.

"ऐकत नाही, आजी. मी लिहिते, तो ठेवतो."

"ठेवतो? मंग बरा हाय. माझी सून ठेवीत नाय." आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

सत्त्याण्णवच्या चैत्रात जाईबाई गेली. तिचे गाणे माझ्याखेरीज कुठेच उरले नाही. तुळशीच्या लग्नानंतर तिच्या नातीचे लग्न होते, आणि त्याआधी धवळ्यांची पुस्तिका छापून देण्याचा शब्द सुनयनाने जाईबाईच्या सुनेला, सत्यभामेला, दिला होता. तिने धवळे एका फ्लॉपीवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या साठवणीच्या चकतीवरही, उतरवून ठेवले होते. ती फ्लॉपी शहाजीरावांनी पुसून, तीवर एका गिऱ्हाइकाची पत्रिका भरून देऊन टाकली. "फ्लॉपी काय, फ्लॉपीसारखीच असती," असे त्यांनी वर सांगितले.

पत्रिकांच्या चित्रांनी माझी डिस्क भरत आली, तेव्हा माझ्या पोटात दुसरी डिस्क बसवायचे ठरले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यशराज नावाचा दुरुस्तीवाला आला.

"यशराज, आजच बसव बाबा. उद्या नव्या डिस्कलाबी कुंकू लागलं पायजे."

"टेन्शन नका घेऊ शेठ. चहा येईपर्यंत बसवतो."

"आधी मला धवळे दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊ द्या," सुनयना म्हणाली.

"अगं, नवी आत घालतोय, जुनी काढतोय व्हय? जा, समोरच्या शेटना प्रूफ दाखवून ये."

ती गेली. यशराजने माझे झाकण काढले आणि तो हसू लागला. "शेठ, हे काय? डिस्कची हळद झाली वाटतं!"

"हसू नगंस. ट्रकचं इंजिन तसं हेचं इंजिन."

दोन डिस्क एकत्र नांदायच्या तर पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे ठरवावे लागते. मागच्या बाजूच्या पिनांवर प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. ती कुठे बसवली यावर ते ठरते. कुठे बसवायची याची आकृती डिस्कवरच्या चिठ्ठीवर छापलेली असते. माझी आकृती तीन दसऱ्यांच्या कुंकवाखाली गाडली गेली होती. यशराजने नखाने खरवडून पाहिले, कंटाळला आणि अंदाजाने टोपी बसवली. जुनी दुसरी झाली, नवी पहिली.

मी सुरू होईना. माझी स्मृती दुसऱ्या जागी ढकललेली आणि पहिली जागा कोरी. मी सुरू व्हावे तरी कशाच्या आधारावर? तिथेच त्याने थांबायला हवे होते. "जुनी मशीन आहे, नखरे करते," असे म्हणून त्याने फ्लॉपीवरच्या आज्ञांनी मला उठवले. माझ्या पिढीच्या यंत्रांना एका मर्यादेपलीकडची डिस्क दिसत नाही. नवी डिस्क दुपटीहून मोठी होती, तरी पडद्यावर दोघींचे आकारमान मी सारखेच दाखवले. आणखी एक शंका घेण्याची जागा. तीही त्याने ओलांडली. दुसरी म्हणजे नवी असे धरून त्याने दुसरी डिस्क पुसण्याचा हुकूम दिला.

आणि मित्रांनो, मी विचारले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, माझ्याजवळ होती तेवढ्या स्पष्टतेने मी विचारले, की हिच्यावरचे सारे नष्ट होईल. पुढे जाऊ का?

त्याने वाचले नाही. तो चहावाल्याला हाक मारत होता. त्याचे बोट खाली आले.

सुनयना परतली तेव्हा यशराजचा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, जुनी डिस्क गेली. काय करणार, मशीनच खटारा झालीय."

खटारा! ज्याने आज्ञा पाळली, तो खटारा. ज्याने न वाचता आज्ञा दिली, तो कारागीर.

"गेली म्हणजे? यशराज, खरं सांगा. तुम्ही फॉरमॅट करून पुसलीत?"

त्याने पडद्याकडे बोट केले. मग हळूच म्हणाला, "फक्त अनुक्रमणिका पुसली गेलीय. वर नवीन काही भरलं नाही, तर आतलं काढता येईल थोडंफार."

"थोडंफार कशाला काढत बसतोस?" शहाजीराव म्हणाले. "भर फॉन्ट तिच्यात आन कर चालू. पत्रिका खोळंबल्यात."

यशराजने फ्लॉपी सरकवली. आता एक कळ, आणि जाईबाईच्या आवाजावर वेलबुट्टीची अक्षरे पसरणार होती. सुनयनाने भिंतीतली माझी वायर हिसकून काढली.

"हात लावायचा नाही कोणी."

"अगं, लगीनसराई तोंडावर आलीया!"

"हेही लग्नच आहे, काका." ती माझ्यासमोरून हलली नाही.

त्या दसऱ्याला माझी पूजा झाली नाही. ती आणि यशराज माझ्यातून उरलेले तुकडे काढत बसले. एका जागी सलग लिहिलेले धवळे सापडले. पण ज्यांवर तिने पुन्हापुन्हा हात फिरवला होता, जाईबाईला विचारून ज्यांतला शब्द न् शब्द सुधारला होता, ते दर दुरुस्तीला माझ्यात जिथे जागा मिळे तिथे विखुरत गेले होते. ते अर्ध्यावर तुटले. जे अधिक जपले, तेच अधिक गेले.

मग सत्यभामा आली. कागद हातात घेऊन ती मांडवाच्या दारी केळ रोवण्याचा धवळा उभ्यानेच गाऊ लागली:

"मांडवाचे दारी कोनी रोविली केली,
नवऱ्याचे बापानं घागर भरली,
नवरीचे आयनं..."

ती थांबली. कागद उलटून पाहिला. "पुढचा कुठं हाय?"

सुनयनाने तुटलेल्या ओळीवर बोट ठेवले.

"नवरीचे आयनं कं केला? मीच हाय ना गो नवरीची आय! मना कलाया नको?"

"मावशी, मशीन जुनी हाय," शहाजीराव सुरू झाले, "तिनंच..."

"पुसण्याआधी मशीन विचारतेच, तसं विचारलं होतं," सुनयना म्हणाली. "आपण वाचलं नाही. हेच सांगायचं त्यांना."

सत्यभामेने कागद तिच्यापुढे धरला. "मी जुळवून देते पुढच्या ओळी," सुनयना पुटपुटली, "तशाच वाटतील..."

"खबरदार! सासूच्या तोंडात तुजा शब्द घालशील तं. कोरा ठेव. मांडवात हितपावेतो गाऊ, आन गप उभ्या ऱ्हाऊ. कलूं दे सगल्यांना, कं गेलाय ते."

त्या दुपारी मी पुस्तिका छापली. तुटलेल्या प्रत्येक ओळीनंतर मला जोडलेल्या छपाईयंत्राचे टोक कागदावर न टेकता सरकत गेले आणि पांढरे सोडत गेले. एवढे अवघड काम मला कोणी कधी दिले नव्हते.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. माझी धूळ पुसून, मला झाकून ठेवलेत म्हणजे माझी काळजी घेतलीत असेही समजू नका. जे एकदाच मिळाले आहे, ते दोन जागी ठेवा. आणि माझ्यासारखे एखादे यंत्र थांबून तुम्हाला काही विचारील, तेव्हा चहा थंड होऊ द्या, गिऱ्हाईक थांबू द्या, पण आधी ते वाचा. सत्यभामेच्या मांडवात केळीच्या खांबाशी बायका ओळीच्या मध्येच गप्प उभ्या राहिल्या, तेव्हा नवरीने आईकडे पाहिले. त्या आईने काय करायचे असते, हे आता कोणालाच ठाऊक नाही.